मिसर म्हणा की इजिप्त

अब्बा, हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही असतात तरी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. पण मला उर्दू लिहिता येत नाही, आणि आता शिकायचं त्राण नाही. पोरांना भूगोल शिकवण्यात जन्म गेला, घसा कायमचा बसला.

साठ साल अजून उजाडायचं होतं. शहाद्याच्या आपल्या दुकानात तुम्ही कापूस पिंजताय, नाकातोंडावर फडकं, भुवया पांढऱ्या, आणि मी दारात बसून धडा घोकतेय. पिंजण थांबवून तुम्ही म्हणता, "नाईल? वो तो मिसर में है. वहाँ की कपास रेशम जैसी, बेटा." जिनिंगमधल्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं असणार. दुसऱ्याच दिवशी दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. नाईल कुठल्या देशात, त्यांनी विचारलं, आणि मी ठणकावून सांगितलं, "मिसर!" वर्ग खो खो हसला. "असला देश नकाशात नाही," म्हणाले, आणि मला उभंच ठेवलं.

मी तरातरा दुकानात आले. म्हसावदचे एक शेतकरी गादी भरून घ्यायला बसले होते. त्यांच्यादेखत मी तुमच्यावर ओरडले, "आपको कुछ नहीं मालूम! इजिप्त बोलते हैं उसको. नाक कटवा दी मेरी!" ते हसत म्हणाले, "मियाभाई, पोर तं तुन्ही मास्तरीण व्हई गई!" तुम्ही नाही हसलात. "किताब में लिखा है वोही सही," एवढंच बोललात. त्यानंतर माझ्या अभ्यासात तुम्ही कधी तोंड घातलं नाही.

मास्तरीण झालेच शेवटी. पोरांना सांगत आले, देशाला घरची माणसं एका नावानं हाक मारतात, परकी दुसऱ्या. जर्मन लोक स्वतःच्या देशाला डॉइचलँड म्हणतात. हॉलंड म्हणजे नेदरलँड्सचा एक भाग, पण तिथले व्यापारी जगभर हिंडले आणि त्यांचंच नाव सगळ्या देशाला चिकटलं. आपलंच बघा ना, भारत, हिंदुस्थान, इंडिया. आणि इजिप्त हे ग्रीकांकडून आलेलं, तिथला माणूस आपल्या देशाला मिसरच म्हणतो. इथवर आलं की दरवर्षी माझा आवाज पडायचा. पोरांना वाटायचं, बाई दमल्या. दमायचेच हो.

लोकांना मी सांगते, अब्बा अचानक गेले, बोलायचं राहून गेलं. खोटं आहे ते. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्याच वर्षी मला हे मिसरचं कळलं होतं, आणि त्यानंतर तीन वर्षं तुम्ही होतात. दर सुट्टीत मी घरी येत होते. तुम्ही बरोबर होतात, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण दुकानात कायम कुणी ना कुणी गिऱ्हाईक बसलेलं असायचं.