शंभरपैकी त्रेचाळीस

धाकट्यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकून घेते. पुढे जे लिहायचं आहे त्यात त्यांना जागा मिळेल असं वाटत नाही.)

तुझी तब्येत कशी आहे? वहिनीची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, रोज शेकत जा आणि जड कामं तुला सांगत जा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर तू स्क्रूड्रायव्हरपेक्षा जड काही उचलत नाहीस. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे कळेल. फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण एवढंच की फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. पत्रात तुला तोंड नाही. तेव्हा खुर्ची ओढून बस आणि शेवटपर्यंत वाच. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही, तिलाही कळू दे.

पानगळीच्या दिवसांत तू दोन दिवस राहून गेलास आणि जाताना ह्यांच्या मोबाइलमध्ये तीन वस्तू घालून गेलास. पहिली हवामान सांगणारी. ती रोज सकाळी टुंग करून सांगते की बाहेर बर्फ पडतो आहे. (आमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे. तू त्याच खिडकीशी उभा राहून दोन दिवस चहा प्यालास.) दुसरी रस्ता दाखवणारी बाई. ही ह्यांना, म्हणजे एकतीस वर्षं याच गावात बस चालवलेल्या माणसाला, डेपोकडे कसं वळायचं ते सांगते. पहिल्या दिवशी ह्यांनी तिला उत्तरं दिली, दुसऱ्या दिवशी वाद घातला, आणि तिसऱ्या दिवसापासून ती म्हणेल तिथे मुकाट्याने वळायला लागले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, माझं एकदा ऐकून हा माणूस डावीकडे वळलेला नाही.

पण या दोघींना मी माफ केलं असतं. तिसरी वस्तू म्हणजे गाडी कशी चालवता त्याचे गुण देणारं ते ॲप. रोज संध्याकाळी शंभरपैकी. आणि गुण एकट्या ह्यांना कळून भागणार नव्हतं, ते घरच्या ग्रुपवर जाहीर व्हायची सोयही तू करून गेलास, म्हणजे मला, तुझ्या भाचीला आणि तुला. तू गाडीत बसून गेलास त्याच संध्याकाळी पहिला निकाल लागला. त्रेचाळीस. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, अचानक ब्रेक नऊ वेळा. तुझ्या भाचीने रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं. तू काहीच पाठवलं नाहीस. त्या वेळी मला वाटलं, लाज वाटून गप्प बसला असेल.

आमच्या दारासमोरच्या भिंतीवर ह्यांना डेपोने दिलेलं पितळी मानचिन्ह आहे, ते तू पाहिलं आहेस. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही, असं त्यावर कोरलेलं आहे. हे त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मानचिन्ह काढून पुसलं, परत लावलं, आणि मला म्हणाले, गाडीत बस. डेपोत नव्या ड्रायव्हरला शिकवताना म्हणे शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचे. पाणी सांडलं तर ब्रेक चुकला. आमच्या गाडीत भांडं ठेवायला सपाट जागा नाही, म्हणून सपाट जागा मी झाले. दुधाचं पातेलं, पाण्याने काठापर्यंत भरलेलं, माझ्या मांडीवर. बाहेर शून्याखाली आठ. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी कवळ्या बनवते, हे तुला ठाऊक आहे. तिथे मी जवळपास तीन महिने मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओली जात होते. कोट वाळत घातला तर उभाच राहायचा. दातांच्या डॉक्टरांनी एकदा अगदी हळू आवाजात विचारलं की तुम्हाला काही त्रास आहे का, लघवीच्या डॉक्टरांचा नंबर देऊ का. त्यांना मी काय सांगायचं होतं ते तू सांग.

आणि गुण चढेनात. पन्नास, सत्तेचाळीस, एकदा अठ्ठावन्न (त्या दिवशी आम्ही फक्त पेट्रोल भरायला गेलो होतो). मी चिडायचे. अहो, समोर सिग्नल आहे, दिसत नाही का, म्हणून ओरडायचे. हे म्हणायचे, दिसतो आहे, तू पाणी सांभाळ. मी पाणी सांभाळत बसले. हे वाक्य नीट वाच, कारण त्याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला घेतलं आहे. मी पाणी सांभाळत बसले.

आता दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारचं ऐक. आमच्या दवाखान्यात गणिताचे एक निवृत्त मास्तर येतात. त्यांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली आणि शनिवारी पाच वाजता त्यांच्या नातीचं लग्न. तिला आईवडील नाहीत, मास्तरांनीच वाढवलं, आणि लग्नात ते चार शब्द बोलणार होते. ते चार शब्द त्यांनी महिनाभर पाठ केले होते, आणि दातांशिवाय ते म्हणून दाखवायला आमच्याकडे आले तेव्हा त्यातला एकही शब्द आम्हाला कळला नाही. मी शुक्रवारी उशिरापर्यंत बसून वरची आणि खालची दोन्ही पूर्ण केली. शनिवारी सकाळी डॉक्टर तापाने आडवे, आणि दुपारी पार्सलवाल्याने कळवलं की घाटात बर्फ आहे, गाडी पाठवणार नाही. मास्तरांचं गाव घाटापलीकडे, चाळीस किलोमीटर. मी डबा हातात घेऊन उभी होते. हे म्हणाले, मी नेतो. असं म्हणताना ते किती ताठ उभे राहिले ते मी पाहिलं. म्हणून नाही म्हटलं नाही. (पाण्याचं पातेलं मात्र घरीच ठेवायला लावलं. मांडीवर एका वेळी एकच जोखीम.)

अर्ध्या वाटेवर तुझी ती रस्ता दाखवणारी बाई बोलली. डावीकडे वळल्यास सात मिनिटं वाचतील. फाट्यावर उजव्या कडेला लाल फलक होता, रस्ता बंद, माणसाएवढ्या अक्षरांत. मी तो पाहिला. ह्यांनीही पाहिला असणार, एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरला मी काय सांगायचं, थांबतील आता, असा विचार करेपर्यंत आम्ही फलकाशेजारून आत गेलो होतो. पुढे रस्ता नव्हताच. पांढरं होतं नुसतं. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी ब्रेकचं न ऐकता सरकत गेली, आणि नाक खाली करून बर्फाच्या ढिगात घुसली. सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी. कोणालाही खरचटलं नाही. कवळीचा डबा मी पोटाशी धरला होता.

तेवढ्यात मोबाइल बोलला. अचानक ब्रेक, पाच गुण वजा. मग जरा थांबून त्याने विचारलं, अपघात झाला आहे का, आणि तीसपासून उलटे आकडे मोजायला लागला. नाही म्हणायचं तर काचेला बोट लावायला हवं. माझे हातमोजे लोकरीचे, त्याला ते चालेनात, आणि एका हातात डबा. शेवटी मी नाकाने दाबलं. नाक चुकीच्या चौकोनावर पडलं. आम्ही जखमी असून आम्हाला मदत हवी आहे, असा निरोप नकाशासकट तुला, भाचीला आणि बर्फ काढणाऱ्या खात्याला गेला. त्यानंतर तू चौदा वेळा फोन केलास. रेंज होती, तरी मी एकही उचलला नाही. मोबाइल माझ्या हातातच होता आणि तुझं नाव चमकत होतं.

मी उचलला नाही, कारण हे बोलत होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या पांढऱ्यावर. म्हणाले, "तो फलक मला दिसला नाही." मी म्हटलं, बर्फ होता. ते म्हणाले, "बर्फ नव्हता. उजवीकडचं मला उन्हाळ्यापासूनच दिसत नाही. गोष्टी एकदम समोर येतात. म्हणून ब्रेक लागतो." मग म्हणाले, "तुला सांगणार होतो, आधी गुण जरा वाढू देत म्हटलं."

अर्ध्या तासाने बर्फ काढणारं यंत्र घेऊन एक बाई आली. माझ्याहून वयाने लहान, गालांवर तेल चोपडलेलं. तिने साखळी लावून आमची गाडी मागे ओढली, फलकाकडे पाहिलं आणि मग ह्यांच्याकडे. ह्यांना खाली उतरवून आपल्या शेजारी वर बसवलं. मला म्हणाली, तुम्हीही चढा, तुमची गाडी राहू दे इथेच, सोमवारी आणवू. घाट उतरून तिने आम्हाला मास्तरांच्या दारात सोडलं. सव्वापाच झाले होते. लग्न खोळंबलं होतं. मास्तर मोरीत आरशासमोर तोंड उघडून उभे, मी कानशीने खालची डावी बाजू घासते आहे, बाहेर शंभर माणसं ताटकळलेली. दात बसले. मास्तर बाहेर गेले आणि त्यांनी ते चार शब्द म्हटले, एकूण एक स्वच्छ. नात रडली. हे माझ्या शेजारी उभे होते आणि मला कुजबुजून विचारत होते की ती नेमकी कुठे उभी आहे.

आता माझं तुझ्याशी जे भांडण आहे ते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाचीचा फोन आला. तिला सगळं सांगितल्यावर ती पटकन बोलून गेली, मामा तेव्हाच म्हणाला होता, बाबांच्या डोळ्यांचं बघायला हवं. तेव्हा म्हणजे कधी, असं मी विचारलं. मग ती चाचरायला लागली. तर तेव्हा म्हणजे पानगळीत. तू ह्यांच्या शेजारी बसून बाजारात गेलास, ह्यांनी उजवीकडून येणारी सायकल पाहिली नाही, आणि तुझ्या लक्षात आलं. लक्षात आल्यावर तू काय केलंस? मोबाइलमध्ये ॲप घातलंस. आकडे जमले की भाऊजींना आपोआप समजेल, आपल्याला बोलायला नको. रोज संध्याकाळी तुझ्या हातात त्याचा पुरावा पडत होता आणि रोज संध्याकाळी तू गप्प बसत होतास. अरे, मी तुझी बहीण आहे. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणायचं होतंस की ताई, भाऊजींना उजवीकडचं दिसत नाही. पाच शब्द. मास्तरांच्या तोंडात दात नव्हते, तरी चार शब्द बोलायला ते धडपडले. तुझ्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या बुधवारी तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायला दिवसातून दोनदा थेंब. गाडी बंद. उन्हाळ्यात आला असतात तर उजवी बाजू बरीच वाचली असती, असं त्या म्हणाल्या. पानगळीत आला असतात तरी थोडी. हे सगळं ह्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले, आणि जिन्यात गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मला न विचारता, माझ्याकडे न बघता.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे, पण माझ्याशी मी रोज भांडते, तू सापडत नाहीस. हे पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. वहिनीच्या पाठीला जप.

तुझी,
ताई

ता. क. १. गुणांचं ते ॲप ह्यांच्या मोबाइलमधून काढून टाकायला तू येशील असं समजू नकोस. ते मी स्वतः काढलं. दोन तास लागले आणि त्यात आपल्या सगळ्यांचे फोटोही गेले. तुझ्याकडे असतील तर पाठव.

ता. क. २. भाऊजी तुझ्यावर रागावलेले नाहीत. ते म्हणतात, मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो. हे मी तुला सांगणार नव्हते.

ता. क. ३. मी गाडी शिकते आहे. एकसष्टाव्या वर्षी. शिकाऊ परवाना आला. भाचीचं गाव लांब, दवाखाना लांब, थेंब संपले की आणायला हवेत. रोज सकाळी बाजारामागच्या मोकळ्या जागेत हे मला शिकवतात. आणि तिथेच अडचण आहे. मी गिअर कचकन टाकते, गाडी बंद पाडते, काल कचऱ्याच्या पिंपाला धडकले, आणि हे एका शब्दाने रागावत नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून शेजारी बसतात आणि म्हणतात, छान, आता पुन्हा सुरू कर. छत्तीस वर्षांत माझ्याशी इतक्या हळू आवाजात ते कधी बोललेले नाहीत. मला ते सहन होत नाही रे. मी गाडी थांबवून रडत बसते आणि धडा तिथेच राहतो. तू रविवारी ये. माझ्या शेजारी बस, आणि चुकलं की जोरात ओरड.