डाव्या हाताचे चाळीस दिवस

पौष वद्य द्वितीया, शके १८६५. नळदुर्ग.

सास्तूरहून दीड दिवस गाडीत बसून आज दुपारी पोचलो. माणिकप्पानं वळकटी आणि मठातली सतार जपून उतरवली. वाटभर त्यानं माझी थट्टा केली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शाळेत निघालेला विद्यार्थी त्यानं पाहिला नव्हता म्हणे. पाटी-पेन्सिल घेतली का, असं दर वस्तीला विचारत होता. हा माणूस तीस वर्षं मठात माझ्या शेजारी टाळ धरून बसतो. श्रद्धा अशी, की वाटेत जंगम स्वामी दिसले की गाडी थांबवायची, त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. म्हणून दीड दिवस, नाही तर एका दिवसाची वाट.

माझा गळा दोन वर्षांपूर्वीच्या विषमज्वरात गेला. बोलता येतं, गाता येत नाही. मठात नुसतं बसणं जड जायचं. स्वामींनी एका भक्तानं दिलेली सतार माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, गळा गेला, हात आहेत की. येत्या शिवरात्रीला या हातांनी सेवा करीन, असं मी लिंगापुढं बोललो आहे.

गुरू ईरण्णा आमच्यातलेच, लिंगायत, बहात्तर वर्षांचे. तरुणपणापासून बरीच वर्षं हैदराबादेत एका नवाबाकडं वाजवायचे. घर किल्ल्याच्या अंगाला, दोन खोल्यांचं, सारवलेलं. अंगणात बेलाचं झाड आहे. पूजेला पान दारात मिळणार, म्हणून मन भरून आलं. त्यांची विधवा लेक नीलम्मा हिनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. ईरण्णांचा डावा हात शालीत असतो. बाहेर काढत नाहीत.

पौष वद्य तृतीया

सकाळी स्नान करून पूजेला बसलो. गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, पान वाहिलं. डोळे उघडले तर ईरण्णा समोर. लिंगाकडं नाही, माझ्या तळहाताकडं बघत होते. भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडं बघतो तसे.

मग त्यांनी शिष्य केल्याचा गंडा माझ्या मनगटाला बांधला. मी पाय धुवायला तांब्या घेतला, तर म्हणाले पाय नको, हात धू, विद्या हातात आहे. शालीतून हात निघाला. बोटं तळव्यात वाकून घट्ट मिटलेली, खाली नखं रुतून पांढरे वण पडलेले. वाताचा विकार असावा. मी तो तांब्याच्या वाटीवर धरून धुतला. नीलम्मा एकदम मला म्हणाली, अण्णा, पाणी बेलाला घाला. आधीच्या दोघा शिष्यांनी तसंच केलं होतं म्हणे. ईरण्णांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं.

गुरूचं तीर्थ झाडाला घालायचं, हे मला पटेना. मी ते घेतलं. पाण्याला तारेसारखी चव होती.

पौष वद्य चतुर्थी, संक्रांत

आजपासून चिल्ला. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा रियाज, घराबाहेर न पडता. नेमका शिवरात्रीला संपतो.

शिकवण्याची रीत लिहून ठेवतो. चारच सुरांचा एक पलटा द्यायचा. तो इतका सावकाश वाजवायचा की दोन सुरांमध्ये एकदा श्वास पुरा व्हावा. शेजारी जपमाळ. पलटा बिनचूक गेला की एक मणी ओढायचा, चुकला की पुन्हा पहिला मणी. हाताला बरं-वाईट कळत नाही, जे जास्त वेळा केलं तेच त्याला खरं वाटतं, असं ते म्हणतात. म्हणून चूक होण्याआधी थांबायचं. तार दाबायला लागेल तेवढाच जोर, कवडीचाही जास्त नाही. माझ्या अंगठ्याला ते चावडीवरचा कारकून म्हणतात: स्वतः काही करत नाही आणि सगळ्यांच्या मागं ताठ उभा राहतो. नीलम्मा तिळगूळ देताना हसली. मीही हसलो.

अकरा मण्यांपर्यंत गेलो.

पौष वद्य द्वादशी

आज पहिल्यांदा एकशे आठ. रियाज आणि पूजा यांत मला फरक वाटेनासा झाला आहे. तीच माळ, तोच श्वास. देवानं गळा काढून घेतला तो हे द्यायलाच, असं वाटलं.

जेवताना पाहिलं, मांडीवर ठेवलेला डावा हात आपला पलटा वाजवत होता. ईरण्णांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, हात बसतोय. आणि भाकरीचा तुकडा त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून धरला. तो अंगठा काल मुठीत होता.

माघ शुद्ध तृतीया

रियाज संपल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागतो. एरंडेल चोळतो. पूजेच्या आधी हात गुडघ्याखाली दाबून सपाट करावा लागला. लिंग बसलं, पण तळव्यात खळगा पडून एका अंगाला कललं.

ईरण्णांची तर्जनी उघडली आहे. वयाच्या मानानं ते टवटवीत दिसतात.

माघ शुद्ध सप्तमी

बोटं मोकळी व्हावीत म्हणून चार दिवस रियाज बंद ठेवला. हात थांबत नाही. सतार खुंटीला आहे आणि बोटं काठीवर, लोट्यावर, माझ्याच बरगडीवर पडदे दाबतात. बिनचूक. एकही मणी परत जाणार नाही इतकं बिनचूक.

दुसरं काही वाजवून पाहिलं. येत नाही. तेच चार सूर.

माघ शुद्ध दशमी

आज लिंग पडलं.

तळहातावर ठेवलं आणि मधलं बोट उचललं गेलं, मी न उचलता. भुईवर आवाज झाला. आमच्यात लिंग पडलं तर माणसानं जगू नये असं जुने लोक म्हणतात. मी ते उजव्या हातानं उचलून कपाळाला लावलं, दिवसभर पाणीही घेतलं नाही.

संध्याकाळी नीलम्मा दारात बसून बोलली. माझ्याकडं न बघता. पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादेत वडलांनी चिल्ला केला. हाताची बैठक मोडू नये म्हणून चाळीस दिवस लिंगपूजा सोडली. एक्केचाळिसाव्या दिवशी पूजेला बसले तर मूठ उघडेना. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. मूठ मिटलेल्याच्या हातावर काय ठेवणार? वडील रात्रंदिवस तेवढंच बोलायचे म्हणे. हात धुतलेलं पाणी कोणी तीर्थ म्हणून घेईल आणि वर चिल्ला करील, तर मिटलेला हात त्याला जातो, यांचा सुटतो. आधीचे दोघे गुरू मानत होते, पण तीर्थ घेणारे नव्हते.

मी विचारलं, मला नीट का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं की अण्णा, बेलाला घाला म्हणून. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला जीभ वळली नाही, बाप आहे माझा.

माघ शुद्ध एकादशी

ईरण्णांच्या पाया पडलो. हात परत घ्या म्हणालो. पूजा चालली होती त्यांची. उघड्या, गुलाबी, लहान मुलासारख्या तळहातावर लिंग. डोळ्यांतून धारा. मला म्हणाले, पूजेत बोलायला लावू नकोस. मग पान वाहून झाल्यावर म्हणाले, तुझी श्रद्धा मोठी रे मल्लिनाथ, मला तुझ्यासारखा माणूस पंचवीस वर्षांत दिसला न्हाय.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माघ वद्य प्रतिपदा

मूठ पुरती मिटली. नखं आत रुतलीत.

पळीचा दांडा घालून उघडू पाहिली. मधलं बोट मोडलं. आवाज ऐकला — मोडलेलं बोटही पडदा दाबतं — दुखतं मला, त्याला नाही.

लिंग डबीतच. आज पूजा नाही. जन्मात पहिल्यांदा.

माघ वद्य षष्ठी

ईरण्णा गेले. पूजेला बसल्या बसल्या. बसवून पुरलं. तळहातावर लिंग, वर पान. तोंडावर इतकी शांती मी कोणाच्या पाहिली नव्हती. मी उजव्या हातानं विभूती टाकली. शालीत माझी डावी मूठ आतल्या आत पलटा वाजवत होती —

नीलम्मा माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. दिला गेला.

माघ वद्य दशमी

आता रोजच पूजा नाही. मेल्यावर काय ठेवतील. कशावर ठेवतील.

दुसरं काही सुचत नाही. माळ ओढत बसतो, तर माळही त्याच लयीत —

माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र

माणिकप्पा गाडी घेऊन आला. मठात माझी वाट बघतायत. त्यानं मूठ पाहिली. त्याला वाटलं, तपाचं फळ. रडला. म्हणाला, तुम्हाला वाजवता येत न्हाय तर मला शिकवा, मी चिल्ला करतो, पुढच्या शिवरात्रीला सेवा माझ्या हातानं.

नको म्हणालो. एकदा म्हणालो.

नीलम्मानं न बोलता तीच तांब्याची वाटी आणून ठेवली आहे. माणिकप्पा माझा हात धुतो आहे. त्याच्याकडं बघवत नाही म्हणून मी वहीत मान घालून लिहितो आहे. किती हळू धुतो. त्याचंही लिंग रोज तळहातावर बसतं — त्याचा तळहात रुंद आहे, सपाट —

विचारतो आहे, पाणी बेलाला घालू, की तीर्थ म्हणून घेऊ.

तीस वर्षं शेजारी बसला. देवा, मला खोटं बोलायला लावू नकोस, मी नुसता गप्प राहिलो तर — गप्प राहिलो तर तो घेईलच — त्यानं वाटी उचलली. अजून माझ्या तोंडाकडं बघतो आहे. मी त्याला म्हणालो की