राखणदाराची चौकट

४ मार्च, मंगळवार

मास्तरांचं चित्र आज माझ्या टेबलावर आलं. मास्तर म्हणजे आमच्या कंपनीतले सर्वांत जुने इंजिनिअर. आमच्या लिफ्ट ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात, ती त्यांनीच लिहिली. चित्रात तिचं पोट उघडून दाखवलंय — खाली मोटर, दार, बटणं. मधे कर्नल, म्हणजे गाभा. वर त्याच्या जिवावर चालणारे प्रोग्रॅम. एकोणीस चौकटी आणि बाणांचं नुसतं जंगल.

आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हे गिऱ्हाइकासमोर ठेवायचं म्हणजे लाज. तू सुधार. माणसाला बघावंसं वाटलं पाहिजे."

६ मार्च

रंग ठरले. थर आडवे केले. एकच चौकट कुठे बसेना — 'राखणदार'. प्रत्येक प्रोग्रॅम दर सेकंदाला त्याला 'मी जागा आहे' असं कळवतो. एखादा गप्प झाला की राखणदार सगळं बंद करून पुन्हा सुरू करतो. म्हणून वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमकडून त्याच्याकडे बाण येतो. कुठेही ठेवा, कोळिष्टकं!

७ मार्च

राखणदार काढून टाकला. चित्राने एकदम श्वास घेतला.

मास्तरांना विचारायला हवं होतं. ते फोनवर होते. मग जेवायला गेले. मग — खरं लिहायचं तर — मीच गेले नाही. ते नको म्हणाले असते.

संध्याकाळी चित्राखाली 'तपासणारा' या शब्दासमोर त्यांनी सही केली. "छान झालंय," एवढंच म्हणाले.

१२ मार्च

चित्र भिंतीवर लागलं. सिस्टीमची नवी आवृत्ती बांधणाऱ्या नव्या टीमलाही तेच दिलं. आईला फोटो दाखवला. म्हणाली, "असं पडद्याचं कापड मिळालं तर घेऊन ये."

९ जून, सोमवार

एका सात मजली इमारतीत आमची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधे अडकली. दोन तास चाळीस मिनिटं. आत एक शिंपीणबाई होत्या, दम्याच्या. औषधाचा पंप घरी राहिला होता. हॉस्पिटलमध्ये आहेत. वाचतील म्हणतात.

१० जून

कारण सापडलं. दाराचा प्रोग्रॅम मधेच थिजला. राखणदाराने त्याला उठवायला हवं होतं. पण नव्या आवृत्तीत राखणदार नाहीच.

"आम्ही चित्र बघून बांधलं," नव्या टीमचा प्रमुख म्हणाला. "चित्रात नव्हता."

विभागप्रमुख बाईंनी चित्र मागवलं. खालची सही बघितली. मास्तर म्हणाले, "सही माझी आहे."

मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. मिठाची गुळणी धरून बसले.

११ जून

विभागप्रमुख बाईंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

१३ जून

चौकशी संपेपर्यंत मास्तरांना तळमजल्यावर बसवलंय, जुने कागद लावायला. पस्तीस वर्षांची नोकरी! जिन्यात भेटले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "खाली गार असतं गं. बरं आहे."

त्यांनी मला एकदा तरी झापायला हवं होतं. एवढा चांगुलपणा सोसत नाही.

आईने विचारलं, "ताट तसंच का ठेवलंस?" पोट बिघडलंय म्हटलं.

१५ जून, रविवार

हॉस्पिटलमध्ये गेले. 'कंपनीतून आले' एवढंच सांगितलं. शिंपीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. आवाज खोल गेलेला.

"आधी दार वाजवलं," म्हणाल्या. "मग दम जायला लागला तेव्हा वाजवायचं सोडलं. श्वास मोजत बसले. मापं घ्यायची सवय ना. नऊशेपर्यंत नीट मोजले. मग चुकले."

मी विचारलं, काही हवंय का. त्या म्हणाल्या, "नेमकं काय बिघडलं होतं, ते सांगशील का?"

तांत्रिक अडचण, म्हणाले मी. काय ही जीभ! बाहेरच्या बाकावर बसले.

१६ जून

विभागप्रमुख बाईंना पत्र लिहिलं. राखणदाराची चौकट मी काढून टाकली, मास्तरांना न विचारता. चित्र चांगलं दिसावं म्हणून. मास्तरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "सहा दिवस लागले तुला," म्हणाल्या.

१९ जून

मास्तर परत वर आले. मला लेखी ताकीद, आणि चित्रांचं काम काढून घेतलं. कमीच झालं. मास्तरांच्या टेबलाजवळ सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, "देवमाणूस आहेत, दुसऱ्याचं अंगावर घेतलं." ते कागद चाळत राहिले. मला वाटलं, संकोच.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा जाऊन आले. या वेळी शिंपीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही.

२० जून

मास्तर आज माझ्याकडे आले. खुर्ची ओढून बसले, हळू बोलले.

"राखणदाराची चौकट नाही, हे मला सही करतानाच दिसलं होतं. तुला विचारलं असतं तर चित्र पुन्हा काढायला लावावं लागलं असतं. तासभर गेला असता. मला घरी जायचं होतं."

मग म्हणाले, "हे वर सांगायचं की नाही, ते तू ठरव."