हाँगकाँगच्या सुक्या मासळीच्या गल्लीत

प्रिय भावोजी,

परवा तुमच्या मुलाने, वासूने, मालवणच्या किनाऱ्यावर एका तरण्या मुलाचं डोकं वल्ह्याने फोडलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी लिहिलं नाही. लिहिणार तरी कुठल्या पत्त्यावर?

भांडण एवढंसं होतं. होडी आधी कोणाची ओढायची, एवढंच. दांडी वाडीतला पांडू काहीतरी उलटून बोलला आणि वासूने वल्हं उचललं. पांडू पडला, तरी हा थांबला नाही. पडलेल्यालाही मारलं. तिघाचौघांनी मिळून याला मागे खेचला तेव्हा वाळू लाल झाली होती. पांडूचा डावा डोळा अजून उघडत नाही.

पण मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? चहाच्या दुकानात लोक वासूच्या पाठीवर थाप मारत होते. "शेवटी झील कोणाचो!" म्हणत होते. आणि हा छाती काढून ऐकत होता. ते आक्काने रस्त्यावरून पाहिलं. घरी आली आणि मला म्हणाली, "तेका तूच सांग. माझा ऐकणा नाय तो."

भावोजी, गावाने तुमची एक गोष्ट रचली आहे. तुम्ही चिन्यांची डोकी फोडत फोडत मेलात म्हणे. मी परत आलो तेव्हा खरं काय ते सगळ्यांना सांगितलं होतं. पण ते कोणाला रुचलं नाही. तुमचा हात किती जड हे सगळ्या मालवणला ठाऊक, मग तुम्ही मार खाऊन मेलात हे पटायचं कसं? वासू तेव्हा लहान होता. त्याने गावाची गोष्ट घेतली आणि तिच्यावरच मोठा झाला.

आज सकाळी मी त्याला मांगरात, जाळ्यांच्या खोपटात, बसवलं आणि तो दिवस पहिल्यापासून सांगितला.

त्या दिवशी हाँगकाँगच्या बंदरात तुम्ही बोटीवरून उतरायलाच नको होतं. आदल्या दिवशी शहरात झेंड्यांवरून मारामारी झाली होती, चिन्यांचे दोन पक्ष एकमेकांच्या जिवावर उठले होते. आपल्या सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, बजावलं, मीही म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. तुम्ही हसलात. भांडण त्यांचं आहे, आपण दोन मालवणी त्यात कोण, असं म्हणून शिडीवरून खाली गेलात. माझं कधी ऐकलंत तुम्ही?

आणि काय हौसेने हिंडलात! ती जुनी चिनी वस्ती, डोक्यावर लोंबणाऱ्या उभ्या अक्षरांच्या पाट्या, भाजून लाल केलेली बदकं आकड्यांना टांगलेली, औषधाच्या दुकानात बरण्यांत घातलेले साप. एका सापाकडे तुम्ही इतका वेळ पाहत राहिलात की दुकानदार बरणी बांधायलाच निघाला. पुढे दर्याच्या देवीचं जुनं देऊळ लागलं. आत छतापासून उदबत्तीची वेटोळी टांगलेली, राख आपल्या खांद्यांवर पडत होती. तुम्ही बूट बाहेर काढलेत, तिथे दुसरं कोणी काढत नव्हतं. मी म्हटलं, ही देवी कोणाची ते तरी ठाऊक आहे का? "दर्याची आसा मां? मग ती आपलीच," म्हणालात आणि डोकं टेकलंत.

मग सुक्या मासळीची गल्ली आली. तुम्ही मध्येच उभे राहून डोळे मिटलेत.

"मधू, आता मी मालवणातच आसंय."

एका दुकानात म्हातारा चिनी बनियनवर बसला होता, त्याची बायको मागे सोडे निवडत होती. त्याची भाषा तुम्हाला येईना, तुमची त्याला. तरी केवढ्या गप्पा! मोरी मासळी कशी कापायची, मीठ किती लावायचं, सगळं हातवाऱ्यांनी. त्याने बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दिला. तुमचं तोंड बघून तो म्हातारा हसता हसता खोकायला लागला. मी तुम्हाला इतकं खुशीत आक्काच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

आधी आवाज आला. मग शेजारच्या दुकानांच्या फळ्या धडाधड लागायला लागल्या. आपल्याला कळेपर्यंत माणसं गल्लीत शिरली होती, हातात बांबू, लोखंडी नळ्या, कागदी झेंडे. एकाने म्हाताऱ्यासमोर झेंडा धरला, दुकानावर लाव म्हणून. म्हाताऱ्याने मान हलवली. त्यांनी त्याला बनियनला धरून रस्त्यावर ओढला. पहिला बांबू दुकानापुढच्या बरण्यांवर बसला, दुसरा त्याच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी मोरी कापायची सुरी उचलली. मला वाटलं, आता तुम्ही पुढे व्हाल आणि मी मागे असेन, नेहमीसारखं. पण तुम्ही माझ्या हातातून सुरी काढून घेतलीत आणि आत फेकलीत. का घेतलीत, भावोजी? हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल!

"मधू, तेची बायल आत आसा. दार लाव. उघडू नको."

मला आत ढकललंत आणि स्वतः बाहेर गेलात. मी फळ्या लावल्या, खांदा देऊन उभा राहिलो. ती म्हातारी बाहेर जायला तडफडत होती. तिने माझ्या दंडाला चावा घेतला, नखांनी तोंड ओरबाडलं. मी तिला सोडली नाही. फटीतून सगळं दिसत होतं.

तुम्ही कोणावर हात उगारला नाहीत. म्हाताऱ्यावर पालथे पडलात, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलंत, कपाळ दगडाला टेकलंत. ते बरगड्यांत लाथा घालत होते. तुमचा सदरा फाटला, पाठीची सालपटं निघाली. कोणीतरी केसांना धरून तुम्हाला ओढलं, तरी तुमची मिठी सुटली नाही. मग एकाने मानेवर नळी घातली. तुमचे पाय एकदा ताठ झाले. त्यानंतरही ते मारत राहिले.

पोलीस आले, अश्रुधूर सोडला, लाठ्या चालल्या. जमाव पळाला तो तुमच्या अंगावरून. मी दार उघडलं तेव्हा तुम्ही गेला होतात. म्हाताऱ्याला सोडवायला तुमची बोटं एकेक करून उकलावी लागली. तो जिवंत होता.

अग्नी तिथेच दिला. म्हातारा हात गळ्यात बांधून आला होता. चिता विझेपर्यंत उभा होता. आणि मी अस्थी घेऊन घरी आलो तेव्हा आक्काने मला आधी दोन्ही मुठींनी छातीवर, तोंडावर मारलं. "तू दार धरून रवलस?" एवढंच विचारत होती, मारत होती. मी उभा राहिलो. मारणं थांबल्यावर तीच मला धरून रडली.

हे सगळं वासूने मान खाली घालून ऐकलं. मध्ये एकदाच बोलला.

"बाबांनी एकाक तरी मारल्यानी काय?"

"नाय रे," मी म्हटलं. "एकाकव नाय."

तो उठून गेला. मला वाटलं रागावला. आपला बाप मी चोरून नेला असं त्याला वाटलं असेल, दुसरं काय वाटणार?

दुपारी परत आला तो ओठ फुटलेला, भुवई सुजलेली. काय झालं ते शेजाऱ्यांकडून कळलं. तो पांडूच्या अंगणात जाऊन उभा राहिला होता. पांडूच्या थोरल्या भावाने त्याला बडवला. हा हात खाली सोडून उभा, पडला की उठून परत उभा. शेवटी पांडूच्या आईनेच थोरल्याला आवरलं. आक्का आता त्याच्या तोंडाला हळद लावते आहे. तो कण्हतो आहे.

भावोजी, पांडूच्या घरचा राग एका दिवसात जायचा नाही. त्याचा डोळा गेला तर कधीच जायचा नाही. वासू म्हणतो, उद्या परत जाणार. माझा तुम्हाला शब्द आहे, उद्या तो एकटा जाणार नाही. या वेळी मी दाराबाहेर त्याच्या शेजारी उभा असेन, आणि आमच्यापैकी कोणीही हात उचलणार नाही.

तुमचा,
मधू