हरकतीची मुदत

२ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोतून उतरल्यावर बाबांनी पहिली चौकशी केली ती खिडकी कुठल्या खोलीला आहे याची, दुसरी वाचनालय किती लांब आहे याची. दोन्हींची उत्तरं मनासारखी मिळाल्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि सामान हलवायचं काम बिनघोर माझ्यावर सोडलं. ज्याला ऐकूच येत नाही त्याला 'हे उचला' कोण म्हणणार?

घर नगरपालिकेचं, खालच्या वस्तीत. दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. तिथल्या काळ्या फरशीवर पाय ठेवला की गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात, समोर पाववाला आणि त्याची बायको. ताजा पाव भाजल्याचा वास घरभर. ताईंनी न मागता चहा आणून दिला आणि पडद्यांची मापंही घेऊन गेल्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा एवढे खुशीत आज पहिल्यांदा दिसले.

उद्यापासून मी नगररचना विभागात सूचना लिपिक. पन्नाशीला चार वर्षं बाकी असताना नवी नोकरी, नवं गाव. छातीत धडधड आहे, पण बरी वाटणारी.

५ मार्च, गुरुवार

काम आवडलं. गावात रस्ता रुंद करायचा असो, कुणाच्या जागेवर शाळेचं आरक्षण टाकायचं असो, की जमिनीखालून काही खणून काढायचं असो, आधी जाहीर सूचना निघते. ती मी लिहायची. चार प्रती काढायच्या: कचेरीचा फळा, वाचनालय, बाजार आणि ती जागा. मग तीस दिवस वाट बघायची. एक जरी हरकत उभी असली तरी फाइल अडते. एकही नसली तर मंजूर.

आवक टेबलावरच्या बाईंना सगळे शिक्काबाई म्हणतात. समोर चहाचा कप ठेवला तर त्यावरही तारीख उमटवतील. सूचना डकवणारे ते खळकाका. बायकोपेक्षा खळीच्या बादलीशी आपला संसार जास्त वर्षं झाला, असं तेच सांगतात. साहेब मृदू बोलतात. त्यांनी मला इथली एक गोष्ट नीट समजावली: या गावात घरमालकाची मालकी तीन मीटर खोलीपर्यंतच. त्याच्या खालचं त्याचं नाही. मग कोणाचं, असं मी विचारलं. साहेब हसून म्हणाले, जो अर्ज करील त्याचं.

माझा मसुदा बाबांनी लाल पेनानं तपासला. चाळीस वर्षं भाषा शिकवलेला माणूस. जाहीर सूचनेतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा त्यांना सोडवत नाहीत.

११ मार्च, बुधवार

आज माझी पहिली मोठी सूचना लागली. नेमकी आमच्याच वस्तीची. चौसष्ट घरांखालचे, तीन मीटरच्या पुढचे खनिजाचे हक्क अर्जदाराला द्यायचे आहेत. शेवटची तारीख दहा एप्रिल, संध्याकाळी पाच.

अर्ज विचित्र आहे. अर्जदाराच्या रकान्यात काही नाही. खनिज कुठलं, तेही नाही. अंदाजित साठा: २१२. टन की गाड्या, काहीच लिहिलेलं नाही. शिक्काबाई म्हणाल्या, कोणी आणून दिला नाही, सकाळी ट्रेमध्ये होता आणि ओलसर होता. साहेब म्हणाले, आहे तसं उतरवा. मी उतरवलं.

आमच्या फाटकावर मीच डकवली. बाबांनी ती दोनदा वाचली, तीन चुका काढल्या आणि मग म्हणाले, "हरकत घेणार. माझ्या पायाखालचं मला न विचारता कोण नेतो ते बघतोच."

१६ मार्च, सोमवार

चौसष्ट घरं, चौसष्ट हरकती! कचेरीबाहेर रांग लागली होती. पाववाल्यानं भट्टी खचेल असं लिहिलं. ताईंनी लिहिलं की शिलाई मशीन आत्तापासूनच रोज दुपारी थरथरतं, मग खाणकाम सुरू झाल्यावर काय होईल? बाबांची हरकत चार पानी, समासासकट. शिक्काबाईंचा हात दुखून आला. साहेबांना वाईट वाटेल म्हणून मी घाबरतच गठ्ठा पुढे केला, तर म्हणाले, "येऊ द्या. मागंही घेतात लोक."

२० मार्च, शुक्रवार

पाववाला आणि त्याची बायको हरकत मागे घ्यायला आले. हातात हात धरून. इतक्या वर्षांच्या जोडप्याला असं पाहून मला आधी गंमत वाटली. मग त्यांच्या चपला दिसल्या. लाल, ओल्या चिकणमातीनं भरलेल्या. पाऊस नाही, आसपास कुठे खणणं नाही.

कारण लिहावं लागतं, म्हणून मी विचारलं. त्यांची मुलगी नवव्या वर्षी तापानं गेली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "ती सांगते, हरकत मागं घ्या. भट्टीच्या खालून बोलते. रोज."

दुःखानं माणसं काय काय ऐकतात. मी 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं.

२५ मार्च, बुधवार

एकोणतीस हरकती मागे. प्रत्येक अर्जावर बोटांचे लाल ठसे. प्रत्येकाचं कोणी ना कोणी खालून बोलतंय.

आज शेजारच्या ताई आल्या. त्यांचा भाऊ खलाशी होता, वादळात गेला, शरीरही मिळालं नाही. तो त्यांच्या मशीनखालून बोलतो. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, ताई, भाऊ समुद्रात गेला ना? मग या गावात, जमिनीखाली कसा असेल? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी असभ्य बोलल्यासारखं. सही केली आणि गेल्या. पडदे अर्धेच शिवून झालेत.

२७ मार्च, शुक्रवार

जेवायच्या सुट्टीत घरी आले, तर बाबा स्वयंपाकघरात पालथे पडलेले. जवळ गेले तेव्हा कळलं, पडले नव्हते. गाल फरशीला टेकवून आडवे झाले होते. यंत्र वर टेबलावर होतं. त्यांनी बोट वर केलं, वर्गात करायचे तसं. गप्प.

मग म्हणाले, "तुझी आई बोलतेय. किती स्वच्छ ऐकू येतं गं."

अकरा वर्षांत यंत्राशिवाय त्यांना दारावरची थाप ऐकू आलेली नाही. मीही कान लावला. गार दगड, बाकी काही नाही.

काय म्हणते आई, असं मी पाटीवर लिहून विचारलं. बाबा जरा गोंधळले. म्हणाले, घरात किती जण आहेत ते विचारते.

आईला माहीत नाही?

३१ मार्च, मंगळवार

पाववाल्याचं दुकान तीन दिवस बंद. साहेबांनी पाहणीला पाठवलं, मी आणि खळकाका. दार लोटलेलंच होतं. भट्टीशेजारच्या फरश्या काढून भिंतीशी नीट रचलेल्या, एकही फुटलेली नाही. मधे भोक, एक माणूस जाईल एवढं. कडा गुळगुळीत, कुदळीच्या नाहीत, हातांनी चोळून केल्यासारख्या. आतून ऊबदार वारा येत होता, कोणाच्या तरी तोंडाजवळ उभं राहावं तसा. बाजूला चपलांचे दोन जोड, टाचेला टाच लावून.

खळकाकांनी बादली तिथेच ठेवली. चाळीस वर्षांची बादली. बाहेर येऊन म्हणाले, "बाई, मी जातो. तुम्हीही जा. वडिलांना बांधून न्यावं लागलं तरी न्या." दुपारच्या बसनं गेले.

२ एप्रिल, गुरुवार

आज रहिवाशांची यादी काढली. का काढली ते नीट सांगता येत नाही. तो आकडा डोक्यातून जात नव्हता.

चौसष्ट घरं. त्यांत राहणारी माणसं दोनशे दहा. ही यादी जानेवारीची. मग आलो मी आणि बाबा.

दोनशे बारा.

अंदाजित साठा. मी माझ्या हातानं टाइप केला. अर्जावरची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. आम्ही आलो दोन मार्चला.

यादी घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी वाचली, घडी केली, परत दिली. म्हणाले, आता एकच हरकत उरली आहे, तुमच्या वडिलांची. ती आहे तोवर काहीच पुरं होत नाही. लोक ताटकळलेत. घरी जरा समजावून सांगा. बोलताना ते नखांतली माती टाचणीनं काढत होते.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी सामान भरलं. बाबा हलेनात. हाताला धरून ओढलं, जन्मात पहिल्यांदा. ते रागावले नाहीत, रडले. हे मला कधी सांगितलं नव्हतं: आई गेली त्या दुपारी ती दवाखान्यात त्यांच्याशी काहीतरी बोलली. बराच वेळ. आणि त्यांचं यंत्र बंद पडलं होतं. तिचे ओठ हलताना ते नुसते मान डोलवत राहिले, समजल्यासारखे. तिला कळू नये म्हणून.

म्हणाले, "आता ऐकू येतंय. आता तरी मला उठवू नकोस, पोरी."

मी बॅगा सोडल्या. काय करणार होते?

त्यांनी हरकत मागे घेण्याचा अर्ज लिहून दिला. अर्धं पान. समास नाही, तीन ठिकाणी अशुद्ध. कचेरीत द्यायला म्हणून मी पिशवीत ठेवला. दिला नाही.

७ एप्रिल, मंगळवार

वस्तीत धूर नाही, आवाज नाही. ताईंच्या दाराशी गेले. चपलांचा एक जोड. आत गेले नाही.

बाबा जेवत नाहीत. फरशी सोडत नाहीत. आई रोज तेच विचारते म्हणे. किती जण. आज आणखी एक विचारलं: मुलगी वजनानं कशी आहे.

बाबांना यात काही वावगं वाटत नाही —

८ एप्रिल, बुधवार

अर्ज दिला नाही हे त्यांना कळलं. मी कामावर असताना स्वतः आले, अनवाणी, भर उन्हात. मी फळ्यापाशी होते, तोवर शिक्का उमटला होता. शिक्काबाईंचे हात धरले, म्हटलं, कागद परत द्या, फाडा, काहीही करा. त्या म्हणाल्या, आवक ते आवक.

मग माझी स्वतःची हरकत. रहिवासी म्हणून मलाही घेता येते, नियमात आहे. लिहायला बसले तर नोंदवही जागेवर नाही. उद्या शोधते. आधी बाबांना घरी —

९ एप्रिल

बाबा नाहीत.

फरश्या रचलेल्या. अकरा. मी मोजल्या. का मोजल्या.

चपला नाहीत, अनवाणीच होते ना. यंत्र टेबलावर. चष्मा पण.

भोकात तोंड घालून हाक मारली. बाबा. बाबा. ऊबदार वारा. मग आवाज. त्यांचाच, खोकलासुद्धा तोच. इतका बरा वाटला क्षणभर —

माझं नाव घेतलं नाही. पोरी म्हटलं नाही.

विचारलं, वर किती जण आहेत.

१० एप्रिल, दुपार

बस नाही. थांब्यावर दोन तास उभी होते. ड्रायव्हरही खालच्या वस्तीतलाच होता, आठवलं नंतर.

कचेरीत कोणी नाही. साहेबांच्या खुर्चीखाली भोक, बाजूला फरश्या रचलेल्या. आवक टेबलाखालीही. शिक्का मात्र आहे. नोंदवही सापडली, कपाटामागे. माझी हरकत मीच लिहिली, मीच शिक्का मारला. क्रमांक ६५. पाच वाजेपर्यंत ही उभी राहिली तर फाइल अडते. नियम आहे. त्यांनीही सगळं नियमानंच केलंय, सह्या घेऊन. मग हाही नियम त्यांना —

टेबलावर बसलेय, पाय वर घेऊन.

चार वाजून दहा

खाली घासल्याचा आवाज. हातांचा.

साडेचार

बाबा बोलतायत. किती जण, ते आज विचारत नाहीत. म्हणतात, तुझी आई शेवटी काय बोलली ते कळलं. तुझ्याबद्दल होतं. सगळं तुझ्याबद्दल.

हे बाबा नाहीत. मला माहीत आहे. लिहून ठेवते: हे बाबा नाहीत.

पावणेपाच

कान झाकले तरी टेबलातून येतं. हाडांतून. म्हणतात, मोठ्यानं बोलवत नाही आता, दम लागतो. जरा वाक. ती तुझं नाव घेत होती आणि मी नुसती मान डोलवत —

ते त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं.

पाचला सहा मिनिटं

हरकत मुठीत आहे. सोडणार नाही. सही करणार नाही. फक्त सहा मिनिटं. पाच.

वाकले तर नीट ऐकू येईल. पाय टेबलावरच ठेवते. एका हातानं कड धरते. नुसतं ऐकायला काय