करगोट्याखालची खपली

तीर्थरूप अण्णांस,
ऋजुताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे मध्य प्रदेशात, मनावर गावी बरी आहे. गमबूट घातल्याशिवाय गोठ्यात शिरत नाही, आईला सांगा, उगाच फिकर नको. फोनवर आता तुम्हाला माझं ऐकू येत नाही. मेसेज आधी आई वाचते आणि हे तुम्हालाच सांगायचंय, म्हणून पत्र.

तापाच्या सर्वेक्षणाचं काम तेच. बकऱ्या-कुत्र्यांच्या अंगावरचे गोचीड चिमट्याने काढून बाटलीत भरायचे. घरात कुणाला बुखार असेल तर त्याच्या अंगावर गोचीड चावल्याची काळी खपली शोधायची. ती बरेचदा करगोट्याखाली असते, आणि म्हातारी माणसं तिथे हात लावू देत नाहीत. काल एका बाबांना तासभर समजावलं, तेव्हा म्हणाले, "बेटी जैसी है, देख ले." खपली सापडली. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या.

अण्णा, दिवाळीत तुम्ही तापाने फणफणला होतात. शेरूचे गोचीड तुम्ही रोज नखाने चिरडता, हे मला ठाऊक होतं. तरी "व्हायरल असेल" म्हणून मी इकडे निघून आले. करगोटा सरकवा, असं तुम्हाला म्हणायची मला लाज वाटली. डॉक्टरांना खपली दिसेपर्यंत दहा दिवस गेले, गोळ्या उशिरा सुरू झाल्या आणि त्या गोचिडाच्या तापात तुमचे कान गेले.

शेरूसाठी चिमटा पाठवतेय. पाठीचं दुखणं कसं आहे?

आई म्हणाली, शेजाऱ्यांपाशी तुम्ही माझ्या कामाचं कौतुक करता आणि कान वयामुळे गेले म्हणून सांगता. कौतुक करा हवं तर. पण वयामुळे गेले असं सांगू नका.

तुमची,
ऋजू