हक्काची रजा

मंगळवार, १४ तारीख
घरून (आज तेच ऑफिस)

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलास का’, ‘हो’, ‘बरं, चल ठेवते’ याच्यापुढे सरकत नाही, आणि स्क्रीनवर लिहायला बसलो की तुलाही मी बसचं वेळापत्रकच पाठवतोय असं वाटतं. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, गेल्या दहा वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही.

माझी नोकरी तीच, बसगाड्यांच्या वेळा जुळवायची. सोमवार ते बुधवार घरून, गुरुवार-शुक्रवार ऑफिसात. लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुझी. आहेच की. ताजं जेवण मिळतं, कपडे वेळेवर वाळतात, कुरियरवाला परत जात नाही. आणि ज्याने वेळापत्रक केलं त्यालाच बस वेळेवर मिळत नाही, हा अपमान आता आठवड्यातून दोनदाच सोसावा लागतो.

पण ऑफिसातलं माझं टेबल गेलं. अकरा वर्षांचं होतं गं, खणात माझा कंगवा असायचा. आता आदल्या दिवशी मोबाइलवरून खुर्ची राखून ठेवायची, मिळेल तिथे बसायचं आणि संध्याकाळी चार्जरसकट सगळं पाठीवर घेऊन निघायचं. घरी जेवणाचं टेबल म्हणजे ऑफिस, म्हणून ताट मांडीवर. ना धड घरचा ना धड दारचा. मीटिंग चालू असताना कुकरची शिट्टी झाली की मी म्हणतो, ‘तुमचा मुद्दा शिजला वाटतं.’ पहिल्यांदा हसले सगळे. आता कुणी हसत नाही.

बाबांबद्दल तू विचारत नाहीस. सात वर्षांत एकदाही नाही. म्हणून मीच सांगतो.

तब्येत खुटखुटीत आहे. डोकं मात्र गेल्या वर्षापासून मागे मागे चाललंय. मी घरून काम करायला लागलो, टेबलावर कागद, कानाला हेडफोन, दिवसभर ‘येस मॅडम, बघतो मॅडम’. त्यांनी निष्कर्ष काढला की हे त्यांच्या कारखान्याचं टाइम ऑफिस आहे आणि मी हाताखालचा नवीन कारकून. चौतीस वर्षं फाटकात हजेरीचं मस्टर घेऊन बसलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? मला ‘अहो कारकून’ म्हणतात. अहो-जाहो! मार्कांवरून माझे कान उपटणारे आपले बाबा मला आदराने हाक मारतात आणि मी त्यांना ‘जी साहेब’ म्हणतो.

एक दिवस ते मस्टर शोधायला लागले. कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, रडायच्या बेताला आले. शेवटी मी एक लांबडी वही आणून रेघा मारून दिल्या. तेव्हापासून घरात शांतता आहे. सकाळी पावणेनऊला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला बसतात. मी सही करतो. नऊच्या पुढे पाच मिनिटं झाली की लाल शाईचा लेट मार्क, मग भले मी त्यांचाच चहा गाळत असेन.

मागच्या महिन्यात आमची मोठी साहेबीण मीटिंगला उशिरा आली. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनमध्ये बघत म्हणाले, “बाई, नऊ वाजून सात मिनिटं. कारण?” मी गारठलो. बाई म्हणाल्या, “सॉरी सर, पुन्हा नाही होणार.” खरंच झालं नाही. सगळी टीम वेळेवर येते हल्ली. त्या दिवशी मला तुझी इतकी आठवण आली! अशी गोष्ट सांगायला घरात माणूस लागतं. हसून झाल्यावर मी खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि बाबा लेट मार्क लिहीत होते.

बोलावणं आलं. साहेब लघवीला जातायत, त्यांना दिवा लावून द्यायचा आहे.

गुरुवार, १६ तारीख
ऑफिसातून

आजची खुर्ची खिडकीजवळची मिळाली. आजूबाजूला सात माणसं आहेत, सातही कानाला यंत्र लावून घरी बसलेल्यांशी बोलतायत. मी दीड तास प्रवास करून आलो तो यांच्या पाठी बघायला.

परवा लिहायचं टाळलं ते लिहितो. एक तारखेपासून आम्हाला चार दिवस ऑफिसात यायचंय. साहेबीणबाई स्वतः बोलल्या, “तुमच्या घरची परिस्थिती माहिती आहे मला, पण एकाला सूट दिली तर बाकीचे मला फाडून खातील.” त्यांचंही चूक नाही.

गुरुवार-शुक्रवार बाबांपाशी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई बसतात. निवृत्त आहेत, प्रेमळ आहेत, बाबांना दम भरू शकणाऱ्या जगातल्या एकमेव बाई आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अरे राजा, दोन दिवस मी ओढते. चार दिवस नाही व्हायचं रे माझ्या गुडघ्यांनी.”

आणि मागच्या शुक्रवारी काय झालं, तेही सांगून टाकतो. बाई आत दूध तापवत होत्या आणि बाबा बाहेर पडले. काखेत मस्टर, पायात बूट, दोन्ही उजवे-डावे बरोबर. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, “आमचे कारकून दिसले का?” मी उतरलो तेव्हा त्यांना तिथे उभं राहून पावणेदोन तास झाले होते, आणि बाई इमारतीतच जिन्याजिन्यावर शोधत होत्या. मला बघून एवढे खूश झाले! म्हणाले, “अहो, दोन दिवस तुमची सही नाही. काही दुखलंखुपलं का? निरोप तरी पाठवायचा.”

मी घरी तीन दिवस असतो ते त्यांच्या लक्षात राहत नाही. नसतो ते दोन दिवस बरोबर राहतात. म्हणजे चार दिवस झाले, तर ते रोज त्या थांब्यावर जाणार.

माझ्या बॅगेत सध्या एका संस्थेचा फॉर्म आहे. तिथे अशी माणसं ठेवून घेतात. जागा स्वच्छ आहे, मी बघून आलो. सगळं भरलंय, सही केलेली नाही. तिथे मस्टर ठेवू देतील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तू मागच्या महिन्यात बोलता बोलता सांगितलंस, ‘आता आमच्याकडे महिन्यातले पंधरा दिवस कुठूनही काम करता येतं.’ मी ‘अरे वा’ म्हणालो आणि फोन ठेवला. ते वाक्य ऐकल्यापासून मी हे पत्र लिहितोय, कागदावर आत्ता आलंय एवढंच.

पण मागू कुठल्या तोंडाने? ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

रविवार, १९ तारीख
घरून, सुट्टी

ताई, आता खरं लिहितो.

आई हॉस्पिटलात होती तेव्हा बुधवारी दुपारी तू फोन केलास. विचारलंस, “आजच निघू का रे?” मी म्हणालो, “घाई नको, डॉक्टर म्हणतात अजून आठवडा तरी आहे. शनिवारी ये, उगाच रजा वाया जायला नको.” डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मला ते ऐकायचंच नव्हतं. तुला बोलावलं असतं तर ते खरं झालं असतं. तू येईपर्यंत आई थांबेल असं मी मनाशी ठरवून टाकलं, एवढीच माझी अक्कल.

आई शुक्रवारी गेली. तू शनिवारी बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि बाबा भरल्या घरात म्हणाले, “आता मिळाली वाटतं रजा? आईसाठी जिला रजा मागता येत नाही, तिचं नाव या घराच्या मस्टरवरून कमी केलं.” तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी दारातल्या चपला नीट लावत होतो. तू बाबांना काही सांगितलं नाहीस, कुणालाच सांगितलं नाहीस. लहानपणी माझ्या हातून काच फुटली की ‘मीच फोडली’ म्हणायचीस, तशीच गप्प राहिलीस आणि तिसऱ्या दिवशी निघून गेलीस. मी सात वर्षं तुला ‘जेवलीस का’ विचारतोय.

तेव्हा घरून काम करायची सोय असती तर तू आईच्या उशाशी बसून काम केलं असतंस, असं मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. सोयीचं आहे ते. पण दोष नोकरीचा नव्हता. तुझी रजा मंजूर होती. निरोप खोटा होता.

मस्टरमध्ये दोन ओळी आहेत, हे मी लपवलं होतं. खालची ‘कारकून’. वरच्या ओळीत बाबांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मोठी’. कमी केलेलं नाव. आणि त्यापुढे आठ महिने, रोज, लाल शाईत ‘गैरहजर’. मी घरी असेन त्या दर सकाळी, माझी सही झाली की ते दाराकडे बघायचे, दहा मिनिटं वाट बघायचे आणि मग लाल पेन उघडायचे. मी समोर बसून बघत होतो.

काल शनिवार. बाबांच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी नव्हती, त्यामुळे मलाही नसते. सही केली आणि उभाच राहिलो. म्हणालो, “साहेब, मस्टरमध्ये एक चूक आहे.”

“कुणाची?”

“वरच्या नावापुढची. त्या गैरहजर नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, कधी येऊ. मीच चुकीचा निरोप दिला. येऊ नका म्हणालो.”

“लेखी आहे?”

“नाही साहेब, तोंडी.”

त्यांनी चष्मा काढला. “कधीची गोष्ट?”

“सात वर्षं झाली.”

“सात वर्षं! आणि आज सांगताय?”

“भीती वाटली साहेब.”

“भीती तुम्हाला वाटली, आणि लाल शाई तिच्या नावावर?” एवढं ओरडले की नर्सबाई वर आल्या.

मग त्यांनी पट्टी मागितली. पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक ‘गैरहजर’वर पट्टी धरून एक सरळ रेघ, त्याखाली निळ्या शाईत ‘हक्काची रजा’, त्याखाली सही. मस्टरमध्ये सहीशिवाय खाडाखोड चालत नाही ना. आठ महिन्यांचे सगळे दिवस, ताई. जेवायला उठले नाहीत, मी मदत करू का विचारलं तर म्हणाले, “तुम्ही हात लावू नका.” दुपार टळून गेली तेव्हा पेन खाली ठेवलं आणि मला तोंडी ताकीद दिली. ‘कारकुनाच्या चुकीने माणसाची नोकरी जाते,’ म्हणाले. मी मान खाली घालून ऐकली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि लगेच लाजही वाटली, कारण ताकीद मला सात वर्षं उशिरा मिळाली आणि शिक्षा तू भोगलीस.

मग वही मिटता मिटता हळूच म्हणाले, “चांगली पोरगी आहे ती. हजेरीत कधी कमी नव्हती.”

मोठी म्हणजे नक्की कोण, हे त्यांना उमगतं का, मला सांगता येणार नाही. तू दारात उभी राहिलीस तर ओळखतील असं खोटं आश्वासन देणार नाही. एकदा खोटा निरोप दिलाय, आता दुसरा नाही. डॉक्टर खरोखर म्हणाले ते असं की आणखी सहा महिन्यांनी हे वहीसुद्धा विसरतील. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

म्हणून बोलावतोय. तुझे ते पंधरा दिवस इथून काढ. उरलेल्या पंधरा दिवसांचं मी बघतो, साहेबीणबाईंशी भांडेन, माझी रजा टाकेन. टेबलाची खिडकीकडची बाजू तुझी. तुझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आहे, ती मोबाइलवरून राखावी लागत नाही. तुला जमणार नसेल तर तसं लिही. मी फॉर्मवर सही करेन आणि तुला कधीही बोल लावणार नाही. पण मला तू हवी आहेस गं. बाबांसाठी तर आहेच, पण त्याआधी मला.

सोबत मस्टरचं एक पान पाठवतोय. साहेबांची परवानगी काढूनच फाडलं, पोच लागेल म्हणाले.

आज रविवार, तरी मघाशी त्यांनी पुढच्या महिन्याचं पान आखून घेतलं. माझी ओळ, तुझी ओळ. तुझ्या पहिल्या चौकटीपाशी पेन नेलं आणि काहीच न लिहिता वर बघून मला विचारलं, “रजा संपत आली ना हिची? कधी रुजू होणार?”

मी म्हणालो, विचारून सांगतो.

ती चौकट कोरी ठेवून वाट बघणारा,
तुझं शेपूट